कावळा बसला आणि फांदी मोडली

ही म्हण पूर्ण म्हणणारं माणूस क्वचितच भेटतं. "कावळा बसायला..." एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढचं "आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली" दोघांच्या मनातच पुरं होतं. कुणी 'मोडायला' म्हणतं, कुणी 'तुटायला'. नवीन साहेब रुजू झाले आणि त्याच दुपारी ऑफिसातला सर्व्हर बसला. जावईबापूंनी पाणी घ्यायला फ्रिज उघडला आणि त्याच क्षणी तो घरघरून कायमचा थांबला. अशा वेळी घरातलं एखादं शहाणं माणूस ही अर्धी म्हण म्हणतं, आणि जावईबापूंच्या चेहऱ्यावर आलेला ओशाळेपणा उतरतो.

म्हणूनच मला ही म्हण फार आवडते. आपल्या पुष्कळशा म्हणी माणसाला टोचतात. आळशी, भित्रा, बढाईखोर, प्रत्येकासाठी एकेक तयार आहे. सुनेसाठी तर सूपभर आहेत. ही मात्र आरोपीच्या बाजूनं उभी राहते. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवायला तास लागतो. आपल्याकडे ते अक्षरओळख नसलेल्या बायकाही एका दमात सांगत आल्या.

म्हणीचं कूळ जुनं आहे. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. काक म्हणजे कावळा, ताल म्हणजे ताडाचं झाड किंवा त्याचं फळ. पाणिनीच्या अष्टाध्यायीत अशा प्रकारच्या शब्दांसाठी एक सूत्रच आहे, 5.3.106, 'समासाच्च तद्विषयात्', आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणून टीकाकार 'काकतालीय' देतात. त्याच्या शेजारी 'अजाकृपाणीय' असतो, म्हणजे शेळी आणि तलवार. शेळीनं मान घासायला जावं आणि नेमकी तिथे तलवार असावी. व्याकरणासारख्या कोरड्या शास्त्रात प्रत्यय समजावताना ही अशी चित्रं येतात, याचं मला शाळेपासून अप्रूप आहे.

ताडाचं फळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते ताडगोळे. डहाणू-पालघरपासून अलिबागेपर्यंत उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला सोलून विकायला ठेवलेले, थंडगार, पाणीदार. पण ते कोवळं फळ. न उतरवता झाडावरच राहिलेलं फळ पिकतं तेव्हा काळपट, टणक आणि किलोभराहून जड होतं, आत केशरी तंतुमय गर असतो. पन्नास-साठ फुटांवरून ते आपसूक सुटतं तेव्हा धप्प असा जो आवाज येतो, तो ऐकलेला माणूस ताडाखाली झोपायला जात नाही.

आता या फळाचं आणि कावळ्याचं काय झालं, याबद्दल जुन्यांत दोन मतं आहेत. एका सांगण्यात कावळा झाडाशी आला, फळ पडलं, कावळ्याला आयतं खायला मिळालं. हा सुखाचा योगायोग. हितोपदेशातल्या एका श्लोकात तोच अर्थ आहे: काकतालीय न्यायानं धनाचा ठेवा पुढ्यात आला, तरी दैव काही तो उचलून हातात देत नाही, त्याला माणसाचा पुरुषार्थच लागतो. दुसऱ्या सांगण्यात ते जड फळ कावळ्याच्याच डोक्यात पडतं आणि कावळा मरतो. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत या शब्दाचं उदाहरण म्हणून वाक्य आहे, 'काकतालीयो देवदत्तस्य वधः'. देवदत्त आपल्या वाटेनं चालला होता, चोर त्यांच्या वाटेनं आले होते, गाठ पडली आणि देवदत्त मेला. व्याकरणाच्या पुस्तकांतला हा देवदत्त एरवी स्वयंपाक करतो, गावाला जातो, घोंगडी पांघरतो, तो इथे एका प्रत्ययाच्या पायी जीव गमावतो. योगवासिष्ठ तर याहून पुढे जातं. तिथे जगाच्या उत्पत्तीबद्दल बोलतानाही 'काकतालीयवत्' हा शब्द पुन्हापुन्हा येतो.

यातलं काहीच मराठी म्हणीत जसंच्या तसं आलेलं नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. आपल्याकडे ताड गेला आणि फांदी आली. ताडाला फांद्या नसतात, म्हणजे झाडच बदललं. झाड बदलताच कावळ्याची जागाही बदलली. संस्कृतातल्या कावळ्याला एक तर खाऊ मिळतो किंवा मरण. दोन्हींत जे घडतं ते त्याला घडतं. मराठी कावळ्याला काही मिळतही नाही आणि काही होतही नाही. फांदी मोडताच तो उडून जातो, आणि मागे प्रश्न उरतो, की फांदी मोडली कुणी? संस्कृत न्याय दैवाबद्दल बोलतो. मराठी म्हण आळ घेण्याबद्दल बोलते. गावकीत, भावकीत, चाळीत राहणाऱ्या माणसांना दैवापेक्षा आळाची भीती जास्त असते, तेव्हा म्हणीनं हे वळण घेतलं यात मला नवल वाटत नाही.

आणि पक्षी कावळाच का राहिला? फांदीवर चिमणी बसते, साळुंकी बसते, पोपट तर थव्यानं बसतात. पण ज्याच्या बसण्या-उठण्याचा, ओरडण्याचा अर्थ लावायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, तो कावळाच. खिडकीत ओरडला की पाहुणा येणार. डोक्याला शिवला की अशुभ. दहाव्याला पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, म्हणून नदीच्या घाटावर माणसं ताटकळत उभी राहतात, नवस बोलतात, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू" असं हात जोडून सांगतात. वैशाख-जेठात त्यानं कुठल्या झाडावर घरटं बांधलंय यावरून पावसाचा अंदाज करणारे शेतकरी आजही आहेत. आंब्यासारख्या डेरेदार झाडावर बांधलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर बेताचा. ज्ञानदेवांच्या विरहिणीला पैल कोकणारा काऊ पंढरीरायाच्या येण्याचा शकुन सांगतो, आणि ती त्याचे पाय सोन्यानं मढवायला निघते.

ज्याच्या प्रत्येक हालचालीत आपण खूण शोधतो, तोच पक्षी घेऊन म्हण सांगते की या वेळी ही खूण नाही. फांदी मोडायची होती, मोडली. दुसरा पक्षी असता तर या म्हणीला एवढं बळ आलं नसतं. याच कावळ्याची आणखी एक म्हण आहे, कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. तीही त्याच बाजूची. शकुन-अपशकुन ज्या तोंडांनी सांगितले, त्याच तोंडांनी त्यांना लगामही घातला.

घरकावळ्याचं वजन 300 ग्रॅमच्या आसपास असतं. एवढ्या वजनानं धडधाकट फांदी मोडत नाही. शेवग्याचं लाकूड अगदी ठिसूळ. आमच्या परसात शेवगा होता आणि शेंगा काढायला त्यावर चढायची पोरांना सक्त मनाई होती, आकडीनंच काढायच्या. पण त्या शेवग्यावरही कावळे दिवसभर बसत. फांदी हलायची, झुकायची, मोडत मात्र नसे.

कावळा काड्या मोडतो, तेही मी जवळून पाहिलंय. मे महिन्याच्या सुमाराला घरटं बांधताना तो झाडाच्या शेंड्याकडे जातो, बारीक काटकी चोचीत धरतो, वाकवतो, पंख थोडे उघडून तोल सावरतो आणि मान पिळून ओढतो. नाही तुटली तर सोडतो आणि दुसरी धरतो. वाळकीच नव्हे, ओलीही. तुटलेली काटकी मधोमध धरता येईपर्यंत चोचीत फिरवून घेतो आणि मगच उडतो. मुंबईत त्याला काटक्यांच्या जोडीला लोखंडी तारा सापडतात, त्याही तो घरट्यात विणतो. पण ही सगळी बोटाहून बारीक काड्यांची कामं. घरावर कोसळणारी फांदी त्याच्या हिशेबात कधीच नसते.

मोठी फांदी मोडते ती आतून. आंब्याला भिरूड लागतो, म्हणजे एका मोठ्या भुंगेऱ्याची अळी खोडात किंवा फांदीत शिरते आणि पोखरत जाते. बाहेरून पानं हिरवीगार दिसतात. जाणता बागायतदार पानं बघत नाही, सालीवरचं भोक बघतो, त्याखाली सांडलेला भुसा बघतो. मग तारेचा आकडा भोकात घालून अळी ओढून काढायची, औषधाचा बोळा आत सारायचा, वर मातीनं लिंपायचं. ज्यानं हे केलं नाही त्याची फांदी एका शांत दुपारी, वारा नसताना, मोडते. त्या वेळी तिच्यावर कावळा असण्याचा संभव फार मोठा, कारण कावळा तिथे रोजच बसत आलेला असतो. मोडलेल्या टोकाशी हात लावून पाहावं. लाकूड तपकिरी, भुसभुशीत झालेलं, चिमटीत धरलं तर भुगा होतो, आणि मधून बोटाएवढं पोकळ बीळ गेलेलं असतं. असाच लाकूड खाणारा घुणकिडा संस्कृताला दुसऱ्या एका न्यायासाठी सापडला. तो पोखरत जाताना लाकडावर एखादं अक्षर उमटल्यासारखं दिसतं, म्हणून घुणाक्षर न्याय. किड्याला अक्षर लिहायचं नव्हतं आणि कावळ्याला फांदी मोडायची नव्हती.

माझी मोठी काकू लग्न होऊन आली ती वैशाखाच्या शेवटी. पाऊस पडला आणि गोठ्यातली दुभती म्हैस मेली. सकाळी चारा टाकला तो तिनं तोंडात घेतला नाही, दुपारी गळा सुजला, घरघर लागली, रात्र उलटायच्या आत गेली. घरात दुधाचं दुसरं जनावर नव्हतं. विहिरीवर बायका बोलायला लागल्या, नवी सून पांढऱ्या पायाची दिसते. काकू तेव्हा एकोणीस-वीसची असेल. ती सांगते, "हंडा भरत आला होता, तो तसाच सोडून पळावंसं वाटलं." सासूबाई, म्हणजे माझी आजी, मागेच उभी होती. ती पुढे झाली, काकूचा हंडा तिनं स्वतः उचलून कडेवर घेतला आणि बायकांना म्हणाली, "कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली गो. माझ्या सुनेला बोल लावू नका." एवढंच. परत त्या पाणवठ्यावर हा विषय निघाला नाही.

म्हशीला झाला होता तो घटसर्प. जिवाणूंनी होणारा रोग, पावसाच्या सुरुवातीला उसळतो, म्हशींना जास्त होतो, गळा सुजून जनावर दिवसा-दोन दिवसांत जातं. त्यावर लस आहे आणि ती पावसाआधी टोचायची असते. हे कळल्यावर काकूच्या गोष्टीची एक बाजू माझ्यासमोर उघडली. आपल्याकडे लग्नं होतात वैशाख-जेठात, कारण शेतीची कामं तेव्हा संपलेली असतात आणि पावसाची सुरू व्हायची असतात. घटसर्प येतो त्याच्या पाठोपाठ, पावसाबरोबर. म्हणजे गावात ज्या घरचं जनावर घटसर्पानं मरतं, त्या घरात किंवा शेजारच्या घरात महिन्या-दोन महिन्यांपूर्वी नवी नवरी आलेली असायचीच. पंचांगच अशी गाठ घालून ठेवतं. किती घरांत, किती पिढ्या, किती मुलींनी केवळ या जुळून आलेल्या महिन्यांपायी 'अवदसा' ऐकून घेतलं असेल, आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या मागे हंडा उचलायला कुणी उभं नसेल.

हे आळ नेहमी विहिरीवरच्या कुजबुजीपाशी थांबत नाहीत. सातपुड्यात, नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात, मूल आजारी पडलं, गुरं दगावली, की एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, तिला गावाबाहेर काढल्याच्या घटना घडत आल्या आहेत. बहुतेकदा ती एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तो महाराष्ट्रात 2013 साली झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला होता. करणी केल्याचा ठपका ठेवून कुणाला छळणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. आजीनं एका वाक्यात जे काम केलं, त्यासाठी कायदा लागतो, पोलीस लागतात, आणि तेही सगळीकडे पोचत नाहीत.

आळ जसा फुकट येतो तसं श्रेयही फुकट मिळतं. साधा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशी अंगारा लावला की पाचव्या दिवशी उतरलेल्या तापाचं श्रेय अंगाऱ्याला जातं. काविळीचं तेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आराम आणि पथ्य यांवर आपोआप बरी होते, आणि म्हणून काविळीवर झाडपाला देणाऱ्यांची कीर्ती कधी कमी होत नाही. मात्र ज्याची कावीळ वेगळ्या कारणाची असते, पित्तनलिकेत खडा असतो किंवा यकृत खरोखर बिघडलेलं असतं, त्याचे दवाखान्यात जायचे दिवस या झाडपाल्यात जातात. अशा घरांत ही म्हण कुणी वेळेवर म्हणत नाही, याची मला खंत वाटते. दुःखाच्या वेळी ती आपल्याला आठवते, गुण आला की विसरते.

आणि ती चुकीच्या तोंडी जाते तेव्हा तर मला रागच येतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गुलमोहर होता. पेव्हर ब्लॉक बसवताना त्याच्या बुंध्याला चहूबाजूंनी सिमेंटनं आवळलं होतं, मातीचा वीतभर गोलही मोकळा ठेवला नव्हता. आदल्या पावसाळ्यातच खोडावर अळंबीचे थर उगवले होते, पुठ्ठ्यासारखे कडक, एकावर एक. खोडातून अशी अळंबी बाहेर आली की आतलं लाकूड कुजायला लागलंय असं समजावं. हे कमिटीला लेखी दिलं गेलं. झाड तोडायला किंवा छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 पासून राज्यात तसा कायदा आहे आणि तो हवाच, पण त्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो. अर्ज झाला नाही. जूनच्या पहिल्या वाऱ्याला अर्धं झाड कोसळलं आणि खाली दूधवाल्याची मोटारसायकल चेपली. तो स्वतः जिन्यात पिशव्या ठेवत होता म्हणून वाचला. त्यानंतरच्या बैठकीत पदाधिकाऱ्यांपैकी एक जण शांतपणे म्हणाले, "आता काय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली."

मी तिथल्या तिथे उभी राहून सांगितलं की ही म्हण आपल्याला वापरता येणार नाही. ती कावळ्याला सोडवण्यासाठी आहे. इथे कावळा म्हणजे वारा, आणि फार तर त्या वेळी तिथे गाडी लावणारा दूधवाला. त्यांना ती खुशाल लागू करा. झाड ज्यांच्या ताब्यात होतं, अळंबी ज्यांना दाखवली होती, त्यांच्यासाठी मराठीत दुसरे शब्द आहेत. बैठकीत शांतता पसरली. गाडीची भरपाई सोसायटीच्या निधीतून द्यायचं मात्र त्याच दिवशी ठरलं.

एरवी आपण सगळेच कावळ्यापाशी थांबतो. कावळा दोषी की निर्दोष यावर हिरिरीनं बोलतो आणि मोडलेली फांदी चुलीत घालून मोकळे होतो. तिचं टोक उचलून बघणारं माणूस वेगळंच असतं. काकू तशी निघाली. विहिरीवरच्या त्या दिवसानंतर तिनं रडत बसण्याऐवजी जनावरांच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, म्हैस कशानं मेली. पुढे गोठ्याचा सगळा कारभार तिनं हातात घेतला. दर वर्षी वैशाख लागला की ती पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडी, लस कधी येणार ते विचारी, आणि घरात लग्नाची कितीही धांदल असली तरी गुरांना घटसर्पाची लस टोचून झाल्याशिवाय मांडवाच्या खांबासाठी खड्डा खणू देत नसे. आपल्या गोठ्याचं झालं की शेजारच्या गोठ्यांना जाऊन विचारी, त्या पाणवठ्यावर बोललेल्या बायकांच्या गोठ्यांनाही. तिच्या दोन्ही सुना वैशाखातच आल्या. दोन्ही वर्षी पाऊस पडला, म्हशी हंबरत चरायला गेल्या आणि संध्याकाळी दूध देऊन रवंथ करत बसल्या.